पिवळ्या डोळ्यांचं घराणं

माझ्या पोटावर तीन तऱ्हेचे डाग आहेत. बिब्ब्याचे काळे, तापलेल्या विळ्याचे पांढरट, आणि डाव्या बरगडीखालून आडवा गेलेला डॉक्टरांच्या सुरीचा. पहिले दोन मला बरं करण्यासाठीच दिले होते. बरी मी तिसऱ्याने झाले.

ज्यांच्या घरात पिवळ्या डोळ्यांचं माणूस आहे आणि ज्यांना वर्षानुवर्षं "कावीळ आहे, उतरेल" असं सांगितलं जातंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजार कसा होतो ते डॉक्टर सांगतील. तो झाल्यावर माणसं कशी होतात, ते मला ठाऊक आहे.

माहेर

माझं माहेर राहात्याजवळ. कालव्याचं पाणी, पेरूची बाग, घरात दूधदुभतं. वडिलांचे डोळे पिवळे होते. आजोबांचेही होते म्हणतात. गावात आमचं आडनाव कुणी घेत नसे, 'पिवळ्याची पोरं' म्हणूनच ओळखत. धाकटी बहीण विमल जन्मली तेव्हा आई गेली. पुढे मी शाळेत असताना वडील साध्या तापाचं निमित्त होऊन आठवड्याच्या आत पांढरेफटक पडले आणि गेले. थोरले चुलते अण्णा यांनी आम्हा दोघींना जेवू घातलं. विमलला वाढवलं मी.

मला दर वर्षी 'कावीळ' व्हायची. अण्णा मला एका म्हाताऱ्याकडे न्यायचे. तो माझे हात चुन्याच्या पाण्यात धुवायचा, पाणी पिवळं व्हायचं, आणि जमलेले लोक म्हणायचे, "बघा, उतरली." पोट डाव्या अंगाला टम्म असायचं. पाणथरी वाढली म्हणायचे, आणि पाणथरीला औषध एकच, डाग. दोन बाया हात धरायच्या, पाय अण्णा धरायचे. विळा लागला की ते तोंड फिरवायचे. एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तेल-तूप बंद. दिवाळीला घरात करंज्या तळल्या जायच्या तेव्हा मी पडवीत लाह्या खात बसायचे. विमल परकराच्या ओच्यात एखादी लपवून आणायची. मी ती खायचे नाही, नुसता वास घ्यायचे. मरायची भीती वाटायची.

लग्न होऊन मी केडगावला आले. मालक नागापूरच्या एका वर्कशॉपात लेथवर होते. माणूस अबोल, पण मारहाण नाही, दारू नाही. नंदा झाली. तिचेही डोळे अधूनमधून पिवळसर दिसायचे, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "आईच्या दुधाचा गुन." मग एका उन्हाळ्यात नळावर पाणी भरताना मी हंड्यासकट खाली पडले. मालक मला पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेले.

निदानाचा दिवस

मोठे डॉक्टर आले ते विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पातळ बाजूला करायला लावलं आणि पोटावरच्या डागांवरून पेन्सिल फिरवत म्हणाले, "ही बघा आपली ग्रामीण शस्त्रक्रिया." पोरं हसली. एक मुलगी वाकून डाग मोजायला लागली. मी छताकडे बघत राहिले. मग ते मालकांना म्हणाले, "हिला कावीळ नाही. कधीच नव्हती. रक्ताचा आनुवंशिक दोष आहे." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मालक नंदाला मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला टेकले होते. ती शेंगदाणे खात होती. घोळका पुढे सरकल्यावर त्यांनी मला विचारलं, "आनुवंशिक म्हंजी काय गं?"

मी सातवी शिकलेली. म्हणाले, "बापाकडनं आलेलं."

त्यांनी नंदाच्या फ्रॉकवरची शेंगदाण्याची सालं झटकली. मग म्हणाले, "आन् तुझ्याकडनं कुनाकडं जानार?"

मी नंदाकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं.

संध्याकाळी त्या घोळक्यातल्या एक तरुण डॉक्टरीण परत आल्या, डॉ. मालतीबाई. खाटेवर बसून त्यांनी मला समजावलं. माझ्या आयुष्यात माझा आजार मला समजावणारं ते पहिलं माणूस. "रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या चकतीसारख्या असतात. तुमच्या बोरासारख्या गोल आहेत. प्लीहेतून, म्हणजे तुम्ही पाणथरी म्हणता तिच्यातून जाताना त्या अडकतात आणि फुटतात. म्हणून डोळे पिवळे, म्हणून अशक्तपणा. प्लीहा काढली की फुटायच्या थांबतील. दोष राहील, पण आजार राहणार नाही."

"आन् तेल-तूप?"

"त्याचा काय संबंध? खा की."

तेव्हा मी रडले. मरणाची गोष्ट चालली होती आणि मी करंज्यांसाठी रडत होते.

केडगाव

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत घरी थांबायचं होतं. मालकांनी सगळं आईला सांगितलं असावं, कारण मी आले त्या दिवसापासून माझं ताट-तांब्या वेगळं झालं. "आई, हे लागनारं न्हाई," मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "लागनारं असतं तर बरं हुतं. औषध तरी असतं. हे वंशाला लागलंय." शेजारणीसमोर त्या म्हणायच्या, "किडका दाना पेरला आमच्या रानात." मी तिथेच तांदूळ निवडत बसलेली असायचे.

मालक ओसरीवर झोपायला लागले. एकदा मी धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, "आजून एक झालं आन् तेबी पिवळं निघालं तर?"   पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी नंदादेखत मला विचारलं, "तुझं काय बरंवाईट झालं तर हिला तुझ्या अण्णाकडं सोडायची ना?"

तो प्रश्न कानात घेऊनच मी ऑपरेशनला गेले.

पांढरे डोळे

त्यातलं मला फार आठवत नाही. घशातली नळी, ओठांवर ओला कापूस, खोकला आला की पोट उसवेल अशी भीती. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायची, हे मला शेजारच्या खाटेवरच्या पारनेरच्या म्हातारीने शिकवलं. तुम्हीही धरा. पहाटे साडीच्या पडद्याआड पुसून घेणं, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर कण्हणं. म्हातारीला कुणी भेटायला येत नसे. ती माझ्या पायांना तेल लावायची आणि शिव्या द्यायची, मला नव्हे, देवाला. ती तिथेच गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं, वॉर्डात सगळे तिला आजी म्हणायचे.

टाके काढले त्या दिवशी आयाने स्टीलचं ताट पुसून माझ्यासमोर धरलं. "बघ." डोळे पांढरे होते, शेंगदाण्याच्या कोवळ्या दाण्यासारखे. मी ते ताट किती तरी वेळ सोडलं नाही. मालक आले ते दोन खाटा पुढे जाऊन परत फिरले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

स्वयंसेवक

घरी सोडायच्या आधी मालतीबाई आल्या. म्हणाल्या, त्यांची एक समिती आहे. कुठला दोष कुठल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो ते ती शोधते. "आपल्या प्रत्येक पेशीत एक लिखाण असतं, कमलताई. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून लेकीकडे ते नकलून येतं. तुमच्यात एखादं अक्षर चुकलंय. ते वाचता येत नाही आम्हाला अजून. कधी तरी येईल. तोवर घराण्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासून ते कुणाकडे गेलं आणि कुणाकडे नाही, एवढं तरी कळेल. आम्हाला स्वयंसेवक हवेत. आम्ही सांगून कुणी येणार नाही. तुम्ही सांगा."

आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे जत्रेत बिल्ला लावून रांग सांभाळणारी पोरं. रक्त देणारा स्वयंसेवक मी ऐकला नव्हता.

"ज्याला आसंल त्याला सांगनार ना तुमी?" मी विचारलं. "आमचे वडील न सांगता गेले."

"प्रत्येकाला सांगू. माझा शब्द."

मी माहेरी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. माझे डोळे बघून ते चपापले. मी सगळं सांगितलं. पोटावरचा नवा डाग चुलतीला आत नेऊन दाखवला.

"रगत द्यायचं म्हंजी कुळाची अब्रू द्यायची," अण्णा म्हणाले. "उद्या लोक म्हनतील, यांच्या रगतात खोट हाय."

"लोक आत्ताबी पिवळेच म्हनत्यात, अण्णा. माझा बाप गेला. त्याच्या पोटातली पाणथरी कुनी काढली असती तर तो आज हितं बसला असता."

"इमलीचं लगीन ठरलंय. तेवढं उरकू दे."

विमल दारात उभी होती. कोपरगावकडचं स्थळ होतं, मुलगा साखर कारखान्यात चिटणीस. साखरपुडा झाला होता. तिला मुलगा आवडला होता, हे तिने मला हसून सांगितलं होतं, तोंडावर पदर धरून. तिचे डोळे कधीच पिवळे झाले नव्हते. ती अण्णांना म्हणाली, "मला तर काय न्हाईच, मग भ्यायचं कशाला? पहिलं माझं घ्या." आणि माझ्याकडे वळून, "आक्का, सुई लई दुखती का?"

मग मी भावकीत घरोघर फिरले. कुणी दार लावलं, कुणी विचारलं रक्त विकतात का. पण विमल देणार म्हटल्यावर पोरी तयार झाल्या, पोरी तयार झाल्यावर पोरांना लाज वाटली. समितीची मोटार आली, शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. विमल पहिली बसली. सरपंच बघायला उभे होते म्हणून अण्णांनीही बाही वर केली. नंदाचं घेतलं तेव्हा ती किंचाळली आणि मी तिचे पाय धरले. मी तोंड फिरवलं नाही.

मालतीबाई जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं."

पुढे

बातमी रक्तापेक्षा लवकर पोचली. कोपरगावहून मुलाचा मामा आला. चहाला हात न लावता म्हणाला, "तुमच्या घरान्याची तपासनी चाललीय म्हनं. आमाला शिकलेली पोरगी पायजे हुती, तपासलेली न्हाई." मी माहेरीच होते. मी म्हणाले, "निकाल येऊ द्या. तिला नसेल." तो म्हणाला, "नसंल तर तपासलंच कशाला?"

साखरपुडा मोडला. मुलगा आला नाही, निरोपही नाही.

आम्ही निकालाची वाट बघत राहिलो. निकाल आला नाही. मालतीबाई परदेशी शिकायला गेल्याचं कळलं. अण्णांनी मात्र वाट बघितली नाही. पाथर्डीकडचा एक बिजवर शोधला, पदरी पोरं असलेला, विमलपेक्षा पुष्कळ मोठा. मला लग्नाला बोलावलं नाही. कानावर आलं तेव्हा ती नांदायला गेलेली होती.

मी पुण्याला गेले. एकटी. मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी बाकड्यावर बसले. शिपाई म्हणाला, उद्या या. उद्या गेले, या खेपेला दारातच बसले. शेवटी ते दाराबाहेर येता येता माझ्यावर अडखळले.

"काय पाहिजे?"

"आमच्या घरच्यांचा निकाल."

"तो तुमच्यासाठी नव्हता बाई. तो अभ्यासासाठी होता. समितीचं काम ते. एकेकाला सांगत बसायचं ठरलेलं नाही."

"मालतीबाईंनी शब्द दिला हुता."

"त्या आता नाहीत इथे."

"रगत आमचं हाय. आमी हितंच हाय."

मी हलले नाही. त्यांना पुढे जायला वाट नव्हती. अखेर वैतागून त्यांनी आत जाऊन कागद काढवले आणि उभ्या उभ्या वाचून दाखवले, दुकानदार उधारी वाचतो तसे. मुलगी नंदा, आहे. चुलते, आहे, सौम्य. चुलत्यांचा मुलगा, आहे. बहीण विमल, नाही.

"नाही म्हंजी आजिबात न्हाई?"

"नाही म्हणजे नाही. निरोगी. झालं समाधान?"

मी तशीच राहात्याची गाडी धरली. अण्णांना अंगणात गाठून सगळं सांगितलं. त्यांनी आधी मागे वळून घरात कोण आहे ते बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे हितंच गाड. माझ्या बाळ्याला बघायला पाव्हनं यायचेत. खोट इमलीच्या नावावर खपलीय, खपू दे. ती गेली तिच्या घरी."

मी अंगणातच ओरडले. माणसं जमली. मी म्हणाले, विमलचं रक्त स्वच्छ आहे, खोट अण्णांच्या रक्तात आहे, बाळ्याच्या रक्तात आहे, माझ्या रक्तात आहे, आणि माझ्या पोरीच्या.  अण्णा म्हणाले, "ऑपरेशन झाल्यापास्नं हिचं डोकं फिरलंय." लोकांना ते पटलं. बाळ्याचं लग्न थाटात झालं. अण्णा अजून आहेत, खुटखुटीत. काळा चष्मा लावून बागेत फिरतात.

खडी

दुष्काळाचं वर्ष. विमलच्या गावाला गेले तर ती घरी नव्हती, रस्त्याच्या कामावर होती. उन्हात बायकांची रांग, प्रत्येकीपुढे खडीचा ढीग. मी तिच्यासमोर जाऊन बसले. बोटांना चिंध्या बांधलेल्या, मुठीत हातोडी. तिने मान वर केली, मला ओळखलं, आणि पुन्हा दगड फोडायला लागली.

"इमल, निकाल कळला. तुला काही न्हाई. तुझं रगत चांगलं हाय."

ती फोडत राहिली.

"आइकलं का?"

"आइकलं. आता काय करू त्याचं? हितं दगडाला दाखवू?"

शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. विमल म्हणाली, "तू बरी झालीस. डोळं पांढरं झालं. तुला झालेलं मला न्हवतं, पर भोगायला मला लावलं. मुकादम बगतोय. ऊठ."

लोक मला विचारतात, पश्चात्ताप होतो का. नाही. तपासणी झाली नसती तर नंदाचं कळलं नसतं, आणि तीही माझ्या वडिलांसारखी एखाद्या तापात गेली असती. विमलला खडीवर बसवलं ते सुईने नव्हे. तो मामा, ते अण्णा, तो कागद कपाटात ठेवून देणारे डॉक्टर, यांनी बसवलं. ज्यांना कुणी रक्त मागायला येईल त्यांना एवढंच सांगते: द्या, पण आधी विचारा, निकाल घेऊन परत कोण येणार? माणूस बदललं तर त्याच्या जागी कोण येणार? उत्तर मिळाल्याशिवाय बाही वर करू नका.

नंदा

नंदा शाळेत जायला लागली आणि तिला ताप आला. गालांवरचं रक्त बघता बघता उतरलं. मी ओळखलं. वडिलांचं असंच झालं होतं. आम्ही तिला पुण्याला नेलं. डॉक्टर नवे होते. म्हणाले, आधी रक्त चढवायचं, ताकद आली की मग प्लीहा काढायची. घरच्यांपैकी कुणाचं जुळतंय बघा. माझं चालणार नव्हतं. मालकांचं जुळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझं आता वय झालं." वर्कशॉपातले मालकांचे दोन सोबती आले, त्यांचंही जुळलं नाही. रक्तपेढीत त्या गटाची बाटली नव्हती.

मी विमलला निरोप पाठवला. नुसता निरोप, विनवणी नाही. येईल असं वाटलं नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी आली, नवऱ्याला घेऊन. पाथर्डीहून नगर, नगरहून पुणे, उभ्याने. सासूबाई, मालक, मी, आम्ही सगळे नंदाच्या खाटेभोवती होतो. तिने सरळ नर्सपुढे हात केला. रक्त जुळलं. तिला तिथेच बाकावर आडवं केलं, बाटली भरायला लागली. नंदाने क्षीण आवाजात विचारलं, "मावशी, दुखतं का?" विमल म्हणाली, "तू झोप."

बाटली भरली. नर्सने कापूस लावून दिला आणि चहा पुढे केला. विमलने तो घेतला नाही. ती उठून बसली, नवऱ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, आणि नर्सला म्हणाली, "बाई, माझं रगत कसं हाय?"

नर्स गोंधळली. "चांगलं आहे. चांगलं आहे म्हणून तर घेतलं."

"मोठ्यानं सांगा."

"अहो, चांगलं आहे!"

वॉर्डातल्या बायका मान वर करून बघायला लागल्या. विमलचा नवरा टोपी हातात घेऊन उभा होता. सासूबाई खिडकीकडे वळल्या.

"आजून एकदा सांगा," विमल म्हणाली.

नर्सने पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे तिने चहाचा कप हातात घेतला.